‘म्हणून’ आणि ‘तरी’



संयोजकांनी मला ‘कृतज्ञता’ हा विषय दिला आहे. मी ती माझ्या घरात, ख्रिस्ती कुटुंबात जशी शिकले, तशीच सांगते.

आम्ही इथे कोपरीत दोन खोल्यांत राहायचो. रात्री रोझरी झाली की आई आम्हां भावंडांना त्या दिवसाचे तीन आभार मानायला लावायची. ‘सगळ्यासाठी आभार’ असं मोघम चालायचं नाही. कोणी काय केलं, ते नाव घेऊन सांगायचं. डबा वाटून खाणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांची नावं आमच्या घरात रोज येशूच्या तसबिरीसमोर घेतली गेली आहेत!

आपण नववीत असताना बाबांची कंपनी बंद पडली. त्या रात्री मी फुरंगटून बसले. म्हटलं, “बाबांची नोकरी गेली म्हणून आता देवाचे आभार मानायचे का?” आई शांतपणे म्हणाली, “गेली म्हणून नाही गं. गेली तरी.”

‘म्हणून’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांतला फरक कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगितलं आहे. प्रत्येक परिस्थिती चांगली असते, असं तो म्हणत नाही. बाबा थकलेल्या पगारासाठी युनियनबरोबर भांडले आणि रात्री आभारही मानत राहिले. आभार मानणं म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणं नव्हे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

हा ‘तरी’ आपल्या आसपासही दिसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन गावठाणांत आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. तुमच्याकडे नवान्न असतं, तसंच हे. बहुतेक शेतांवर आता इमारती उभ्या आहेत. तरी लोंब्या आणल्या जातात, कारण ताटातला भात अजूनही कोणाच्या तरी शेतातूनच येतो.

पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळी वणवणीत आई, वडील आणि बहीण गमावली. स्वतः वाचल्या, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना आसरा दिला. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. मनात कृतज्ञता असेल, तर ती अशी हातांत उतरते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवसभर चुका शोधणं हाच आमचा धंदा. त्याची सवय घरीही येते. नवरा, मुलं, सासूबाई, सगळ्यांत चुकाच दिसू लागतात. संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली छापली गेली. त्यात मनाची रोजची तपासणी पाच पायऱ्यांत सांगितली आहे. पापं आणि चुका त्यात येतातच, पण पहिली पायरी आहे मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. हे वाचलं आणि हसू आलं. इग्नेशियसांचं नावही न घेता आई आमच्याकडून हीच पायरी करून घेत होती.

आता माझी चूक सांगते. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला परत येतो तो एकच, तोही परका मानला गेलेला शमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्या नवांत मी होते.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली, तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते. मी ऑफिसच्या दाराशी घुटमळत होते. गणिताच्या बाई म्हणाल्या, “तुझी फी भरलीय, जा वर्गात.” कोणी भरली, ते मी विचारलं नाही. खरं तर मला कळलं होतं. पण लाज वाटत होती. पुढे इंजिनिअर झाले, पगार सुरू झाला, तरी लाज गेली नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं, असं म्हणत वर्षं उलटली. रोज रात्री देवाजवळ बाईंचं नाव घेत होते, पण बाईंच्या घरापर्यंत, अगदी स्टेशनचा पूल ओलांडण्याइतक्या अंतरावर, कधी गेले नाही. देवाचे आभार मानले की माणसाचे मानायची गरज उरत नाही, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

बाई, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. उशीर झाला, तरी आले आहे. तुमचे मनापासून आभार.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही मनात असं एखादं नाव असेल. जेवणाला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात त्या माणसाला शोधा.