मॅथ्यू स्ट्रीटवरचे तळघर

लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीट या अरुंद गल्लीत फळांच्या वखारी होत्या. त्यांपैकी एका वखारीखाली विटांच्या कमानींनी तीन बोळांत विभागलेले तळघर होते. युद्धकाळात विमानहल्ल्यांच्या भयाने लोक तेथे आसऱ्याला उतरत. 1957 च्या जानेवारीत ॲलन सिटनर यांनी पॅरिसच्या धर्तीवर तेथे ‘कॅव्हर्न’ हा जाझचा क्लब काढला. जाझ ही तेथील कुलदेवता, रॉक-अँड-रोलचा विटाळ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन लेनन नावाच्या शाळकरी पोराने आपल्या पथकासह तेथे रॉकची गाणी छेडली, तेव्हा चालकांनी ती तत्काळ बंद करावयास फर्माविले.

पुढे 1959 मध्ये क्लब रे मॅकफॉल यांनी घेतला. गृहस्थ हिशेबी. भर दुपारी, कचेऱ्यांतील मुलेमुली जेवणाच्या सुटीत बाहेर पडतात त्या वेळी, तळघर रिकामे का ठेवावे? मद्य तेथे मिळत नसे. सूप, पाव आणि संगीत एवढाच सरंजाम. 9 फेब्रुवारी 1961 रोजी ‘बीटल्स’ या नावाने तीच मंडळी तेथे उभी राहिली ती अशाच एका दुपारी. बिदागी सगळ्यांना मिळून 5 पौंड.

हँबर्गच्या रात्री त्यांनी तत्पूर्वी काढल्या होत्या. पण तेथील गिऱ्हाईक येणारे-जाणारे. येथे मात्र आजचाच श्रोता उद्या पुन्हा समोर, तोही हातभर अंतरावर, हातात पाव घेऊन! कालचीच गाणी त्याला किती दिवस ऐकवावीत? नवी बसवावी लागत. भिंतींवरून घामाचे पाणी ओघळे, त्याने विजेची यंत्रे बंद पडत. मग काळोखात थट्टामस्करी करून मैफल सावरावी लागे. मोठ्या नाट्यगृहाचा पडदा कलावंताची फजिती झाकतो. खाजगी बैठकीत गायिलेल्या आपल्याकडील गवयांना हे निराळे सांगावयास नको.

जवळच ग्रामोफोन तबकड्यांचे दुकान चालविणारे ब्रायन एप्स्टाइन 9 नोव्हेंबर 1961 रोजी दुपारी पायऱ्या उतरले आणि लवकरच पथकाचे व्यवस्थापक झाले. 1962 च्या ऑगस्टमध्ये ढोलकऱ्या पीट बेस्टला काढून रिंगो स्टारला घेतले, तेव्हा याच श्रोत्यांनी क्लबात ओरडून निषेध केला. इतकी ती मंडळी त्यांची झाली होती!

3 ऑगस्ट 1963 ला, सुमारे पावणेतीनशे कार्यक्रमांनंतर, पथक तेथे अखेरचे वाजले. त्यांची तबकडी आता देशभर विकली जात होती. तळघरात ती मावण्यासारखी राहिली नव्हती. तळघराला मात्र त्या वैभवातले फारसे काही मिळाले नाही. 1966 च्या फेब्रुवारीत कर्जाने क्लबाला कुलूप लागले. जुलैत पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या उपस्थितीत तो पुन्हा उघडला खरा. पण 1973 मध्ये रेल्वेच्या कामासाठी वरची वखार पाडून तळघर बुजविण्यात आले. 1984 मध्ये त्याच गल्लीत, जुन्या जागेचा काही भाग व तेथील विटा वापरून, दुसरे कॅव्हर्न बांधले गेले. तेथे आजही नवी पथके वाजतात.