शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी यांच्यामधला दुवा

(सेवावस्तीतील विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या पाल्याच्या यशाने आनंदलेल्या पालकांच्या मनात आज एक चिंताही आहे. गुण मिळाले, आता महाविद्यालयाचे शुल्क कोठून आणायचे?

हा प्रश्न जुना आहे. इंटर उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांपुढेही तो उभा होता. तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोदा संस्थानच्याच साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यापूर्वी, १९०६ साली, स्वातंत्र्यवीर सावरकर लंडनला गेले ते पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. त्यासाठी शिफारस केली होती लोकमान्य टिळकांनी. गुणवत्ता त्या तरुणांची, द्रव्य दात्यांचे; परंतु या दोहोंची गाठ घालून देणारा तिसरा माणूस तेथे होता, हे आपण विसरतो.

आज शासनाच्या योजना आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, खुल्या प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये केला. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावे निर्वाह भत्ता योजना आहे. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण वा जामीनदाराशिवाय कर्ज देणारी पीएम विद्यालक्ष्मी योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली.

मग अडते कोठे? अडते ते कागदावर. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती नसतो. अधिवास प्रमाणपत्राची आठवण प्रवेशाच्या आदल्या दिवशी होते. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते. महाडीबीटी संकेतस्थळावर भरलेला अर्ज त्रुटीमुळे परत येतो; आणि अर्ज एकदा भरला म्हणजे काम संपले, अशा समजुतीत राहिलेला मुलगा तो पुन्हा उघडूनही पाहत नाही. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावयाचे असते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. संस्थास्तरीय कोट्यातून प्रवेश घेतल्यास सवलत हातची जाऊ शकते, हे पैसे भरून झाल्यावर कळते. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच मूल आहे, त्या घराने हे सारे कोणाला विचारावे? शेवटी आईच्या गळ्यातले सोने गहाण पडते, नाहीतर मुलगा शिक्षण सोडून कामाला लागतो. योजना कागदावर राहते आणि एक बुद्धिमान तरुण समाज गमावून बसतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपण प्रत्येकाने आपल्या वस्तीतील पाच विद्यार्थ्यांचे पालकत्व घ्यावे. दहावी-बारावीच्या निकालाची वाट न पाहता, परीक्षा संपताच त्यांचे दाखले काढून घ्यावेत. अर्ज भरताना शेजारी बसावे, पुढे दर पंधरवड्याला त्याची स्थिती पाहावी आणि पहिल्या हप्त्याची निकड असेल तर चार घरे फिरून ती भागवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

विद्यार्थी मित्रहो, साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नका. पण ते फुकटचेही मानू नका. परदेशी शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार आंबेडकरांना करावा लागला होता. श्यामजींची अट होती की शिष्यवृत्ती घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची चाकरी पत्करू नये. तुमच्याकडून असा करार कोणी लिहून घेणार नाही. तो तुम्ही स्वतःशी करावा. आपल्याच वस्तीतील पुढच्या मुलाचा अर्ज भरायला उद्या तुम्ही बसलात, की समाजाच्या ऋणाचा पहिला हप्ता फिटला असे समजा.