गिलावा वाजवून घ्यावा



बाजारांत मडकें घेतांना आपण तें बोटानें वाजवून पाहतों. परंतु लाख-दोन लाख रुपये खर्चून घराच्या भिंतींस करविलेला गिलावा मात्र केवळ डोळ्यांनीं पाहून पत्करतों. ठेकेदार रंगाचा हात देतो, भिंत झळकूं लागते, आणि शेवटचा हप्ता आपण संतोषानें त्याच्या हातीं ठेवितों. पुढें पावसाळा येतो. फुगवटे उठतात, पोपडे गळतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त कारकुनाच्या घरीं छताचा तुकडा रात्रीं नातवाच्या उशाशीं येऊन पडला. मूल वांचलें, भविष्यनिर्वाह निधींतून दिलेला पैसा मात्र परत आला नाहीं.

असें कां होतें? विटांचे सांधे खरवडून भिंत भिजविली नाहीं, तर कोरडी वीट मसाल्यांतील पाणी शोषून घेते व गिलावा धरत नाहीं. वाळू मातकट असली, कीं त्याचा जोर जातो. कालविलेला सिमेंटचा मसाला अर्ध्या तासांत संपवावा, हा साधा दंडक. सकाळचा मसाला दुपारीं पुन्हां पाणी घालून लावणें म्हणजे शुद्ध फसवणूक होय. शिवाय नव्या गिलाव्यास निदान ७ दिवस पाणी मारावें लागतें. मजुरी ब्रासावर ठरलेली आणि पुढचें काम खोळंबलेलें. मग हे ७ दिवस कोण देतो? म्हणून सारा दोष गवंड्याच्या माथीं मारूं नये. जाब ठेकेदारास विचारावा.

तो कसा विचारावा? रंग देण्यापूर्वीं भिंत ओळंब्यानें व लांब सरळ पट्टीनें तपासावी, आणि लाकडी मुठीनें हातहातभर अंतरावर ठोकावी. जेथें पोकळ आवाज येईल, तेथें खडूनें वर्तुळ काढावें. केसासारखी बारीक भेग दिसतांच भांडूं नये. पण भेगेजवळ पोकळ वाजल्यास किंवा नखानें वाळू झडल्यास तेवढा भाग विटेपर्यंत तोडून पुन्हां करवून घ्यावा. वरून पुट्टी फासणें ही दुरुस्ती नव्हे. मसाल्याचें प्रमाण, गिलाव्याची जाडी व पाणी मारण्याचे दिवस आरंभींच लिहून घ्यावे; शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा.

ठेकेदार ऐकत नसेल, तर दोषांचीं छायाचित्रें काढून, मुदत घालून, स्पीड पोस्टानें पत्र धाडावें. घरबांधणी ही कायद्याच्या दृष्टीनें सेवाच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालींच दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. वकील केलाच पाहिजे, असें नाहीं. मात्र तेथें पुरावा लागतो, म्हणून करारपत्र व प्रत्येक पावती जपून ठेवावी.

भिडेपोटीं आपण गप्प राहतों, आणि तीच भीड वाईट कामास पोसते. चांगला कारागीर परीक्षेस भीत नाहीं. उलट त्याच्या भरींव कामाची पारख होते ती अशा परीक्षेनेंच.