आधी डेपो, मग गाडी
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलं होतं. मी माल वाहतुकीच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर लिहिते, आणि त्यावर वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकांवरचे नेहमीचे लोक नेहमीसारखे झोपतील. शिवाय सकाळी चहाच्या वेळी कामाबद्दल मला कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते नवऱ्याबद्दल. ‘नोकरी सोडून विमान चालवायला लागला म्हणे, खरं का?’ खरं आहे. तुमच्यापैकी चौघांची मुलं वैमानिक व्हायचं म्हणतायत, असंही तेव्हाच कळलं. म्हणून आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलते. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कागद भरावा लागतो, त्याबद्दल. हे सगळं अमेरिकेतलं आहे, हे आधीच सांगते.

आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. नवरा माझ्यासारखाच संगणकवाला. अडतिसाव्या वर्षी त्यानं शनिवार-रविवार छोट्या सेसना विमानावर शिकायला सुरुवात केली. पुढे नोकरी सोडून तो उड्डाण शिक्षक झाला. प्रवासी विमान कंपनीत जायला तिथे साधारण १५०० तासांचा अनुभव लागतो, तो त्यानं शिकवता शिकवता जमवला. मग एका लहान कंपनीत काही वर्षं काढली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मोठ्या कंपनीत लागला. निवृत्ती पासष्टाव्या वर्षी सक्तीची. म्हणजे हातात वीस वर्षं.

आता हा कागद. कुठलं विमान हवं आणि कुठलं गाव हवं, याचा पसंतीक्रम त्यावर लिहायचा. गाव म्हणजे ‘होम बेस’. आपल्या भाषेत डेपो. एसटीचा चालक जसा एका डेपोचा असतो, त्याची मुक्कामाची गाडी कुठेही जावो, ड्यूटी सुरू होते आणि संपते डेपोतच, तसंच हे. तीन-चार दिवसांची फेरी, रात्री परगावी हॉटेलात, शेवटी परत डेपोला. डेपोपासून घरापर्यंतचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा.

आणि हे सगळं मिळतं सेवाज्येष्ठतेनं. सेवाज्येष्ठता यादी म्हणजे काय, हे समोर बसलेल्या सर-बाईंना मी सांगायला नको! शाळेत तुकड्या कमी झाल्या की अतिरिक्त कोण ठरतं, तेही त्यांना ठाऊक आहे. तिथे अगदी तसंच. यादीत तुमचा एक क्रमांक असतो. विमान, गाव, महिन्याच्या फेऱ्या, सुट्ट्या, कॅप्टन कधी होणार, सगळं त्या क्रमांकावर. मंदीत माणसं कमी केली तर यादीच्या तळापासून. कंपनी बदललीत तर मागचा अनुभव कितीही असो, पुन्हा तळाला. त्याच्या कंपनीची यादी पंधरा हजारांच्या वर, आणि त्याचा वर्ग बेचाळीस जणांचा, अर्थातच तळाला. एकाच दिवशी लागलेल्यांत पुढे कोण, हे काही कंपन्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून ठरवतात, काही वयावरून. ह्याच्या कंपनीत वयानं मोठा तो पुढे. उशिरा सुरुवात केल्याचा एवढा एकच फायदा त्याला झाला, बेचाळिसांत तो तिसरा!

समोर पर्याय होते बरेच, पण खरी निवड दोहोंतच होती. एक, न्यूयॉर्कला बोइंग ७८७. ड्रीमलायनर. लंडन, टोकियो, कदाचित दिल्लीसुद्धा. दुसरा, शिकागोला ७३७. देशातल्या देशात, दिवसाला तीन-चार उड्डाणं. म्हणजे एक शिवनेरी आणि एक लाल डबा, असंच म्हणा.

त्याला शिवनेरी हवी होती. का नको असणार? माणसानं त्यासाठीच तर घरातली बचत मोडली होती. आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. न्यूयॉर्क महाग, गर्दीचं, तिथे राहायला फारसं कुणी तयार नसतं. त्यामुळे तिथला नवखा लवकर वर सरकतो. शिकागोला आधीच घरं करून राहिलेले वैमानिक पुष्कळ, तिथे हा कितीतरी दिवस ‘रिझर्व्ह’मध्ये राहणार. रिझर्व्ह म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नाहीत, फोनची वाट बघायची. कुणी आजारी पडलं, हवामान बिघडलं, की फोन येणार आणि दोन-अडीच तासांत विमानतळावर हजर व्हायचं.

मी वेळापत्रकंच करते, त्यामुळे मी तक्ता मांडला. तो हसला, पण बसला शेजारी. न्यूयॉर्कला जायचं म्हणजे आदल्या दिवशी शिकागोहून दुसऱ्याच्या विमानात रिकामी जागा मिळेल तसं जायचं. विमान भरलेलं असलं तर पुढचं. म्हणून एकाऐवजी दोन विमानं आधीची धरायची. फेरी रात्री संपली तर परतायला सकाळ. तिथे झोपायला ‘क्रॅश पॅड’, म्हणजे एका खोलीत दोन-तीन मजली पलंग आणि सहा-आठ वैमानिक. त्याचं भाडं आपल्याच खिशातून. हा प्रवास कामाच्या तासांत धरला जात नाही. तक्त्यात महिन्याच्या सहा ते आठ रात्री अशा निघाल्या, ज्या ना कंपनीच्या, ना घराच्या.

आणि रिझर्व्हबद्दल एक गोष्ट तक्ता मांडल्यावरच दोघांच्याही ध्यानात आली. डेपोच्या गावात राहणाऱ्याचा रिझर्व्ह घरात असतो. बाहेरच्याचा रिझर्व्ह क्रॅश पॅडमध्ये. फोन आलाच नाही, तर एकाला दिवस मिळतो, दुसऱ्याचा फुकट जातो. आमच्याकडे तेव्हा मुलगी आठवीत होती आणि सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली.

मला आणखी एक गोष्ट खटकत होती, ती मी त्याला रात्री सांगितली. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. ते विमान नेवार्कहून निघालं होतं, आणि त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांत बसून, देश ओलांडून नेवार्कला कामावर आली होती. ती आईवडिलांकडे राहत होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया, असं चौकशीत ठरलं. पण दोघांच्या झोपेची चर्चा त्या अहवालात आहेच. १५०० तासांचा नियम त्या अपघातानंतरच आला. विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून लागू झाले. घर ते डेपो हा प्रवास मात्र अजूनही ज्याचा त्यानं सांभाळायचा.

मोठ्या विमानाबद्दलही दोन गोष्टी सांगते, कारण मुलांच्या खोलीत भिंतीवर चित्रं त्याचीच असतात. लांब पल्ल्याला तीन किंवा चार वैमानिक असतात, आणि त्यांतल्या नवख्याच्या वाट्याला विमान उतरवणं फार कमी येतं. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाल्या पाहिजेत, असा नियम आहे. काही जणांना त्या सिम्युलेटरवर पूर्ण कराव्या लागतात. पगार पुढे मोठ्या विमानाला जास्त, हे खरं. पण अनेक कंपन्यांत पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखाच. आणि विमानाचा काय भरवसा? २०२० मध्ये करोनात अमेरिकन एअरलाइन्सनं ७५७ आणि ७६७ काढून टाकली, डेल्टानं ७७७. ज्यांनी हौसेनं ती निवडली होती, ते दुसऱ्या विमानाच्या वर्गात जाऊन बसले. गाव निदान जागच्या जागी राहतं. बेसही कधीमधी बंद होतात म्हणा, पण शिकागोसारखा मोठा सहजासहजी नाही.

त्यानं शिकागो आणि ७३७ लिहिलं. त्या वर्गाला शिकागोच्या चारच जागा होत्या. वयानं तिसरा नसता तर कदाचित मिळाली नसती.

त्याच्याच वर्गातल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलानं न्यूयॉर्कचं ७८७ घेतलं. तो तिथेच भाड्यानं राहायला गेला, एकटा जीव, आणि मजेत आहे. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. म्हणून तुमच्या मुलांना मी ‘हेच घ्या’ असं सांगणार नाही. एवढंच सांगेन, की विमानाचं नाव लिहिण्याआधी आपण झोपणार कुठे, हे मोजा. आणि ज्या गावाचा डेपो घ्याल तिथे राहायला जाणार की नाही, ते आधी ठरवा.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अजून तो बराचसा रिझर्व्हवरच आहे. गणवेश इस्त्री करून दाराला टांगलेला, फोन ओट्यावर, आणि हा पोळ्या लाटतोय, असं दृश्य आमच्याकडे असतं. पोळ्या बऱ्या होतात. नाताळला दोन्ही वर्षं कामावर होता, कारण ती सुट्टी यादीतल्या वरच्यांची. पण दिवाळीची सुट्टी तिथे मागतं कोण? यादीच्या तळाला असूनही लक्ष्मीपूजनाला दोन्ही वर्षं घरी! गेल्या जानेवारीत सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हा मी ऑफिसात होते आणि तो घरी रिझर्व्हवर. त्यानं कंपनीला फोन करून नाव काढून घेतलं आणि दहा मिनिटांत त्यांना दवाखान्यात नेलं. तक्त्यात ही ओळ मी मांडली नव्हती.

आता ऐका गंमत. मी इकडे यायच्या आठवडाभर आधी नव्या जागांची यादी लागली. शिकागोलाच ७८७ च्या जागा निघाल्यात, आणि त्याचा क्रमांक आता तिथपर्यंत जेमतेम पोहोचतो. म्हणजे घर तेच, पण विमान बदललं की त्या विमानाच्या यादीत पुन्हा तळाला. फेऱ्या लांब, आणि एकदा घेतलं की दोनेक वर्षं बदलता येत नाही. मुलगी दहावीत आहे, दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. सासूबाई म्हणतात, घेऊन टाक. मी अजून तक्ता मांडतेय. अर्जाची मुदत येत्या मंगळवारी संपते, आणि तो रोज रात्री फोन करून विचारतो, झाला का तुझा तक्ता?