गव्हर्नर : पाण्याचा आणि प्रोसेसरचा

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत रिहे नांवाचें खेडें आहे. आसपासचा मुलूख डोंगरांचा आणि भातशेतीचा. याच तालुक्यांत एकीकडे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, तर दुसरीकडे हिंजवडी येथें संगणकाचें काम करणाऱ्या कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. जलाशय आणि संगणक यांचा परस्परांशीं संबंध तो काय, असें श्रोत्यांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणीं यंत्रज्ञांस एकच प्रश्न सोडवावा लागला आहे : कामाची मागणी क्षणोक्षणीं बदलत असतां शक्ति किती खर्चावी ?

मुळशीचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडील कड्यापर्यंत नेऊन तेथून मोठ्या नळांनीं कोंकणांत भिरा येथील वीजगृहावर सोडलेलें आहे. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. विजेची मागणी वाढली कीं फिरतें चक्र मंदावूं लागतें. तें ओळखून 'गव्हर्नर' नांवाचें उपकरण पाण्याची वाट अधिक मोकळी करतें, आणि मागणी उतरतांच ती आवळतें. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं वाफेच्या एंजिनास जोडलेलें फिरत्या गोळ्यांचें उपकरण हा त्याचा प्रसिद्ध पूर्वज होय. संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालींतही हेंच नांव घेतलेलें आहे. भेद एवढाच कीं, चक्राचा गव्हर्नर वेग कायम राखून पाणी कमीजास्त करतो. प्रोसेसरचा गव्हर्नर खुद्द वेगच कमीजास्त करतो.

प्रोसेसर हा गणित करणारा भाग. तो ठोक्यांच्या तालावर चालतो, आणि हे ठोके दर सेकंदास कोट्यवधि असतात. ठोके जलद करावयाचे तर सामान्यतः विजेचा दाबही वाढवावा लागतो. खर्च होणारी शक्ति ठोक्यांच्या प्रमाणांत वाढते, आणि शिवाय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. बचतीची किल्ली येथेंच आहे. वेग आणि दाब दोन्ही शेंकडा २० नें उतरविले, तर शक्ति शेंकडा ५१ वर येते. काम संपण्यास सव्वापट वेळ लागतो हें खरें. तरीही त्या कामास एकंदर ऊर्जा शेंकडा ६४ च पुरते. मात्र प्रोसेसर जागा आहे तोंवर कांहीं वीज नुसती झिरपत असते. काम फारच लांबविलें, तर हें झिरपणें सारी बचत गिळून टाकतें. अशा वेळीं काम झटपट उरकून प्रोसेसरास झोपविणेंच स्वस्त पडतें. १९९४ सालीं अमेरिकेंत मार्क वायझर व त्यांचे सहकारी यांनीं कामांच्या नियोजनाशीं या बचतीची सांगड घालून दाखविली.

कोणतें काम केव्हां, किती वेळ आणि कोणत्या प्रोसेसरवर चालावें, हें ठरविणारा कार्यप्रणालीचा घटक म्हणजे कार्यनियोजक. पूर्वीचे गव्हर्नर त्याच्यापासून अलग होते. ते ठराविक अंतरानें प्रोसेसर किती वेळ गुंतला होता एवढेंच पाहत. पंगतींत वाढणाऱ्यास कोणाच्या पानांत काय संपलें तें सहज दिसतें. ओसरीवर बसलेल्यास मधून मधून डोकावून यावें लागतें. २०१६ सालीं लिनक्सच्या ४.७ या आवृत्तींत 'शेड्युटिल' नांवाचा गव्हर्नर आला. तो थेट कार्यनियोजकाचाच हिशेब वाचतो. कामाचा भार प्रोसेसरच्या पूर्ण कुवतीच्या जितका हिस्सा असेल, तितकाच हिस्सा वेग धरून त्यावर तो पावपट शिल्लक ठेवतो. कमाल वेग २,००० मेगाहर्ट्झ आणि भार निम्मा असेल, तर १,२५० मेगाहर्ट्झ मागितले जातात. भार शेंकडा ८० झाला कीं पूर्ण वेगाची मागणी होते.

पण भार मोजावयाचा कसा ? कार्यनियोजक भूतकाळाची स्मृति ठेवतो, आणि ती हळूहळू पुसट होऊं देतो. ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामास आतांच्या कामाच्या निम्मेंच महत्त्व मिळतें. त्यामुळें क्षणिक गडबडीनें वेग उगाच उसळत नाहीं. परंतु याच गुणांत दोषही आहे. फोनच्या पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलावयाचें, तर प्रत्येक चित्रास १७ मिलिसेकंदांहूनही कमी अवकाश मिळतो. स्वस्थ पडलेल्या फोनवर कोणीं बोट फिरविलें, तर भाराचा आंकडा चढेपर्यंत कित्येक चित्रांची वेळ टळून जाते, आणि पडदा अडखळतो. म्हणून २०१९ सालीं, ५.३ या आवृत्तींत, एकेका कामाच्या भारास खालची व वरची मर्यादा घालण्याची सोय झाली. निकडीच्या कामास आरंभींच वेग मिळतो. मागें चाललेल्या बिननिकडीच्या कामास लगाम बसतो. त्याच वर्षीं ५.० या आवृत्तीपासून कार्यनियोजक आणखी एक विचार करूं लागला : लहान व मोठे असे दोन जातींचे प्रोसेसर एकत्र असतील, तर अमुक काम कोठें ठेविल्यास ऊर्जा कमी लागेल ?

एका फोनमागें ही बचत क्षुल्लक दिसेल. परंतु फोन घरोघर आहेत आणि संगणकांनीं भरलेलीं भांडारगृहें अहोरात्र चालतात. विजेची किंमत केवळ बिलाच्या आंकड्यांत मोजतां येत नाहीं, हें मुळशीच्या रहिवाशांस कोणीं शिकवावयास नको. तेथील धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. तरीही धरण झालें आणि भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. ती वीज मुंबईकडे गेली. आज त्याच तालुक्यांत संगणकांवर काम करणाऱ्या तरुण यंत्रज्ञांस हा इतिहास ठाऊक असावा. प्रोसेसरास गरजेहून अधिक वेग देणारी आज्ञा लिहितांना, त्या वेगासाठीं लागणारी वीज कोठें तरी, कोणाच्या तरी पाण्यावर वा जमिनीवर तयार होत असते.