कॉमिकमधल्या इमारती उभ्या राहतील का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "काका, आयुष्यभर इमारतींची गणितं केलीत, तर पंचवीस वर्षांनिमित्त इमारतींवरच बोला. फक्त मुलं उठून जाणार नाहीत असं बघा." मग मी मुलांकडेच गेलो. संध्याकाळी गच्चीवर मोबाइल घेऊन बसतात, ती मंडळी. त्यांनी मला त्यांची वेबकॉमिक्स दाखवली आणि विचारलं, "आजोबा, असली बिल्डिंग खरंच बांधता येईल का?" प्रश्न चांगला आहे. आज त्यावरच बोलतो.

ज्येष्ठांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आपण इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ वाचायचो ना, तसाच हा प्रकार, फक्त कागदाऐवजी इंटरनेटवर. छापखाना नाही, वितरक नाही. एखादा चित्रकार घरी बसून काढतो आणि जग वाचतं. हॉवर्ड टेलर नावाच्या गृहस्थांनी 'श्लॉक मर्सिनरी' ही अंतराळातली विनोदी मालिका २००० ते २०२० अशी वीस वर्षं रोज काढली. एकही दिवस खाडा नाही! (आपल्या पाण्याच्या टँकरलासुद्धा हे जमलेलं नाही.) डियाझ यांच्या 'ड्रेस्डेन कोडॅक' या मालिकेत नेफिलोपोलिस नावाचं एक अख्खं शहर आहे. त्याची पानं बघताना मी चहा थंड केला. काय ते मनोरे, काय ते पूल!

या चित्रांत इमारती इतक्या उंच का असतात? त्याचं एक साधं कारण पडदा आहे. छापील पान संपतं, मोबाइलचं पान बोटाने खाली ओढत राहिलं तर संपतच नाही. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथांच्या अभ्यासकाने २००० सालीच याला 'अनंत कॅनव्हास' म्हटलं होतं. मनोरा काढायला याहून सोयीची जागा कुठली? म्हणजे तिथली उंची निम्मी इंजिनिअरिंगमधून आलेली नाही, अंगठ्यातून आलेली आहे.

आता मुख्य प्रश्न, ती उभी राहील का? तुम्हाला वाटेल मी लगेच 'नाही' म्हणणार. पण नुसत्या उंचीबद्दल माझी तक्रार नाही. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, २०१० पासून लोक तिच्यात वावरताहेत. वरून पाहिलं तर तिचा आकार तीन पाकळ्यांचा आहे. मधल्या गाभ्याला तिन्ही पाकळ्या टेकू देतात. आणि ती वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत जाते, कारण खरा वैरी वजन नसून वारा आहे. एकसारख्या सरळ मनोऱ्याच्या दोन्ही कडांनी वारा आलटूनपालटून भोवरे सोडतो आणि इमारत आडवी डोलायला लागते. आकार दर काही मजल्यांनी बदलला की भोवऱ्यांचा ताल जुळत नाही. त्यामुळे कॉमिकमध्ये वर निमुळता होत जाणारा, खाचाखोचांचा मनोरा दिसला की मी चित्रकाराला मार्क देतो. गुळगुळीत काठीसारखा दिसला की कापतो.

मग गाडी अडते कुठे? लिफ्टमध्ये!

फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने १९५६ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, एक मैल उंच इमारतीचा आराखडा मांडला होता. मजले ५२८, लिफ्ट ७६, आणि त्या अणुशक्तीवर चालणार! हे त्या काळचं विज्ञानकथेतलंच चित्र म्हणा ना. पण लिफ्टचा पोलादी दोर जितका लांब, तितकं त्याचं स्वतःचंच वजन वाढत जातं. साधारण पाचशे मीटरनंतर तो माणसांपेक्षा स्वतःलाच उचलत बसतो. बुर्ज खलिफातली सर्वांत लांब लिफ्ट एका दमात ५०४ मीटर जाते. २०१३ मध्ये कोने या कंपनीने कार्बन फायबरचा हलका दोर आणला, त्याने एक किलोमीटरपर्यंत जाता येईल असं कंपनी म्हणते. पण दोर मिळाला तरी जागेचं काय? मजले वाढले की माणसं वाढतात, माणसं वाढली की लिफ्ट वाढतात, आणि प्रत्येक लिफ्टची विहीर खालच्या सगळ्या मजल्यांतली जागा खाते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये यावर तोड काढली होती. मोठ्या लिफ्टने थेट ४४व्या किंवा ७८व्या मजल्यावर जायचं आणि तिथे छोट्या लिफ्टमध्ये बदलायचं. आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. फास्टने दादर, पुढे स्लो!

'एक्सकेसीडी' हे वेबकॉमिक काढणाऱ्या रँडल मन्रो यांनी तर अब्ज मजल्यांच्या इमारतीचा एका लहान मुलीचा हट्ट गंभीरपणे घेऊन त्यावर लिहिलं आहे. तेही लिफ्टपाशी येऊन ठेचकाळतात. मला मजा वाटली. त्यांचे अब्ज मजले, आपले सात, पण दुखणं एकच. आपल्या सहाव्या मजल्यावरच्या आजी आज इथे नाहीत. बी विंगची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. त्यांच्या दृष्टीने आपली इमारतसुद्धा एक मैल उंचच आहे.

कॉमिकमधली दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे दोन मनोऱ्यांना जोडणारा पूल. मुलांनो, हा पूल खरा आहे बरं का! क्वालालंपूरच्या पेट्रोनास जुळ्या मनोऱ्यांत ४१व्या आणि ४२व्या मजल्यांवर आहे, जमिनीपासून सुमारे १७० मीटरवर. पण चित्रकार एक गोष्ट दाखवत नाहीत. तो पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. दोन मनोरे वाऱ्यात आपापल्या लयीत हलतात, म्हणून पुलाच्या टोकांना सरकायला मोकळीक ठेवली आहे. जखडला असता तर तुटला असता.

आता ए आणि बी विंगच्या मधली ती फट आठवा, जिच्यातून पावसाळ्यात पाणी येतं आणि दर सर्वसाधारण सभेत कोणीतरी म्हणतं, "सिमेंट भरून टाका एकदाचं." ती फट बांधणाऱ्याचा आळस नाही, तो एक्स्पान्शन जॉइंट आहे. उन्हात काँक्रीट पसरतं, थंडीत आकसतं, आणि धरणी हलली तर दोन विंग वेगवेगळ्या हलतात. सिमेंट भरलंत तर ते तडकेल, किंवा ते तडकलं नाही तर भिंत तडकेल. तिथे लवचीक सीलंट आणि वरून पत्र्याचं झाकण हवं, एका बाजूनेच बसवलेलं. हे मी इथे जाहीरपणे सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या सभेत वीस मिनिटं वाचतील.

झाडांनी लगडलेले मनोरेही खूप काढतात. मिलान शहरात स्टेफानो बोएरी यांचे 'बोस्को व्हर्टिकाले' नावाचे दोन मनोरे २०१४ मध्ये झाले, त्यांच्या बाल्कन्यांत शेकडो झाडं आहेत. मुळं बांधून ठेवलेली आहेत, आणि छाटणी करायला माळी गच्चीवरून दोराने खाली उतरतात. झाडांची निगा फ्लॅटमालकाकडे नाही, ती सगळी एकत्रित व्यवस्थेकडे आहे. आपल्याकडे तुळशीच्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं तर पत्रापत्री होते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे तो कॅप्सूलच्या इमारतीला. या कॉमिकमध्ये ती हमखास असते. एक खांब, त्याला डबे लटकवलेले, डबा जुना झाला की काढून नवा लावायचा. ही कल्पना प्रत्यक्षात आली होती. तोक्योमध्ये १९७२ साली किशो कुरोकावा यांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. दोन गाभे, त्यांना १४० कॅप्सूल. एकेक कॅप्सूल जेमतेम दहा चौरस मीटरची, जहाजासारखी गोल खिडकी, आतच छोटं न्हाणीघर, आणि गाभ्याला जोडायला फक्त चार बोल्ट. कल्पना अशी की गाभा टिकेल आणि कॅप्सूल बदलत राहतील. किती वर्षांनी बदलायच्या? पंचवीस.

पंचवीस वर्षं झाली, एकही कॅप्सूल बदलली गेली नाही. बोल्ट निघत नव्हते असं नाही. पण कॅप्सूल अशा रचल्या होत्या की खालची काढायची तर वरच्या हलवाव्या लागणार. म्हणजे एकट्याने ठरवून उपयोग नाही, सगळ्यांनी एकदम ठरवायचं आणि सगळ्यांनी एकदम पैसे काढायचे. ते जमलं नाही. गळती वाढली, पाइप गंजले. २००७ मध्ये मालकांनी पाडण्याच्या बाजूने मतदान केलं, तेही काही वर्षं रखडलं. २०१० मध्ये गरम पाणी बंद झालं. २०२२ मध्ये इमारत उतरवली. २३ कॅप्सूल तेवढ्या वाचवल्या, काही आता संग्रहालयांत आहेत.

तिचं स्ट्रक्चर मला आजही आवडतं. पण ज्या मालकाची कॅप्सूल गळत नव्हती, त्याला दुसऱ्याच्या गळतीसाठी पैसे का काढायचे, याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं. कुठल्याच वेबकॉमिकमध्ये नसतं. मी इतकी पानं पाहिली, त्यांत उडत्या गाड्या होत्या, बोलणारे रोबो होते. प्लंबर एकही दिसला नाही, आणि सोसायटीची सभा तर नाहीच नाही.

आपल्या उपविधींत मात्र ते उत्तर लिहिलेलं आहे. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तीस उलटल्यावर दर तीन वर्षांनी. सिंकिंग फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का. आणि तो सगळ्यांनी भरायचा, तळमजल्यानेही. गच्ची गळते ती सातव्याच्या डोक्यावर, पण ते पाणी कॉलमच्या सळीपर्यंत पोचलं की गंज चढतो, आणि तो कॉलम तळमजल्याच्या दिवाणखान्यातूनच खाली जातो. लिफ्टचंही तेच. पुढच्या महिन्याच्या सभेत विषय क्रमांक चारवर ऑडिट आहे आणि पाचवर बी विंगची लिफ्ट. प्रॉक्सी चालत नाही, स्वतः या.

आणि गच्चीवरच्या मंडळींसाठी एक काम. पुढच्या रविवारी दोन हजार शंभर सालची आपली सोसायटी काढून आणा. कितीही मजले काढा, पूल काढा, झाडं काढा, माझी हरकत नाही. फक्त पाण्याची टाकी कुठे आहे, ड्रेनेज कुठून जातं आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी खाली कशा येतात, एवढं चित्रात दिसलं पाहिजे. सगळी चित्रं या हॉलच्या भिंतीवर लागतील, खिळे न ठोकता.

आता प्रश्न विचारा. बी विंगची लिफ्ट कधी सुरू होणार हा प्रश्न मात्र माझा नाही, सचिव उजवीकडे बसले आहेत.