महाबळेश्वरच्या धुक्यात कासवाचं पिल्लू : पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे बारीक आवाज येत असेल तर तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. जुलै महिना, महाबळेश्वर, त्यामुळे त्याला इलाज नाही. तीन वेळा रेकॉर्डिंग थांबवलं, आता चालू द्या.

आजचा विषय कासव. मेसेजमध्ये हा प्रश्न सारखा येतो: "दादा, छोटं कासव घेतलंय, काय खायला घालू?" आणि त्यासोबत एक फोटो. फोटोत प्लास्टिकचा टब, टबात प्लास्टिकचं नारळाचं झाड, झाडाखाली दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं हिरवं पिल्लू. फोटो बघितला की माझ्या पोटात कालवतं. आमच्या घरीही अगदी हेच चित्र होतं. तो टब, ते झाड, सगळं तसंच.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आतेभावाने वाढदिवसाला पिल्लू आणलं. दुकानदाराने सांगितलं होतं, "काही करावं लागत नाही, एवढंसंच राहतं, सुकी कोळंबी टाकायची." तीन वाक्यं, आणि तिन्ही चुकीची. आम्ही त्याचं नाव ठेवलं ढोल्या. आजीने बघितलं आणि म्हणाली, "आरं, देवाच्या दारातलं कासव ते, घरात कशाला आणलंस?" तिच्या डोळ्यांपुढे क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळातलं, नंदीच्या पुढ्यातलं दगडी कासव. आम्ही हसलो. म्हातारीचं बरोबर होतं, फक्त कारण वेगळं होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मराठीत घोळ आहे. आपल्याकडे जमिनीवर चालणारं, पाण्यात राहणारं आणि समुद्रातलं, सगळ्यांना एकच शब्द : कासव. पण पाळायचं म्हटलं की ही तीन वेगळी जनावरं आहेत. पाण्यातल्याला कोरड्यात ठेवलं तर ते मरतं, जमिनीवरल्याला टबात ठेवलं तर ते बुडतं. खरंच बुडतं, त्याला पोहता येत नाही. त्यामुळे "काय खायला घालू" याच्या आधीचा प्रश्न असा : तुमच्या हातात आहे ते नेमकं कुठलं?

कानामागे लाल पट्टा असेल, पाठ हिरवी असेल, बोटांमध्ये पडदे असतील, तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात मिळतं ते बहुतेक हेच. ढोल्या हाच.

पाठ उंच घुमटासारखी, काळपट, आणि प्रत्येक खवल्यावर पिवळ्या रेघांची चांदणी असेल, तर ते स्टार कासव. आणि इथे मला आवाज थोडा कडक करावा लागेल. हे आपलं भारतीय कासव आहे आणि ते घरी ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि स्टार कासव आता अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंग, आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. "मित्राने गिफ्ट दिलं" हे कारण चालत नाही. नदीत, तळ्यात सापडणारं मऊ पाठीचं कासवही याच अनुसूचीत आहे. शेतात सापडलं म्हणून उचलून घरी आणायचं नाही.

आणि ते वीस नखांचं प्रकरण. तुम्ही बातम्या वाचल्या असतील : वीस नखी कासवाने पैशांचा पाऊस पडतो, म्हणून लाखोंच्या बोल्या, मग सापळा, मग अटक. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना साधारण पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखं असतात. बेरीज करा. अठराच्या जनावराला वीसचा भाव लावून पिशवीतून फिरवतात, आणि मध्ये मरतं ते कासव.

आता एखादा ऐकणारा मनात म्हणत असेल, "माझ्याकडे आहे की स्टार." घाबरून ते रात्री जंगलात सोडून येऊ नका. कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळरानातला जीव आहे तो. आपल्या घाटातल्या पावसात त्याला न्यूमोनिया होईल आणि तो मरेल. वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. स्वतःहून कळवा.

परदेशी जमिनीवरचं कासव, म्हणजे सुलकाटा वगैरे, कुणी विकत असेल तर त्याचीही नोंदणी लागते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी नियम काढले, परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा असतो. बिल आणि कागद नसतील तर घेऊ नका. आणि सुलकाटाचं पिल्लू तळहातावर बसतं म्हणून भुलू नका, ते पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं. तुमच्या वन बीएचकेमध्ये? असो.

ढोल्याकडे येतो.

मे महिन्यात आणला. मे छान गेला. खिडकीत ऊन, गडी टबात पोहतोय, कोळंबी टाकली की धावतोय. जूनमध्ये पाऊस लागला. ज्यांनी आमचा पाऊस बघितला नाही त्यांना सांगतो : साडेचार हजार फुटांवर गाव, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घरांना बाहेरून प्लास्टिकचे कागद बांधतो आम्ही. धुकं दारातून आत येतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, सूर्य दिसला तर लोक व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात.

अशा हवेत आम्ही थंड रक्ताचा जीव टबात ठेवला होता.

कासव स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचं पोट चालतं, रक्त फिरतं, आजाराशी लढायची ताकद येते. स्लायडरच्या पिल्लाला पाणी साधारण पंचवीस ते अठ्ठावीस अंश लागतं, आणि पाण्याबाहेर बसायला एक कोरडी जागा, तिथे तीस-बत्तीस अंश. आमच्या टबातलं पाणी हात घातला की बोटं गारठत होती.

जूनच्या शेवटी त्याने खाणं कमी केलं. आम्ही म्हणालो, झोपेचा सिझन असेल. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पिल्लू गप्प बसलं, खात नाही, डोळे मिटलेत, ही झोप नाही. अर्धं पचलेलं अन्न पोटात कुजत असतं. मग डोळे सुजले. मग एक दिवस आतेभावाने पाठीवर बोट ठेवलं आणि बोट थोडं दबलं. पाठ मऊ होती. नाकातून बुडबुडे येत होते, आणि पोहताना तो एका बाजूला कलत होता.

आता डॉक्टर शोधा! कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भेटतात, पण कासव म्हटल्यावर एकांनी सरळ सांगितलं, मला यातलं कळत नाही. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. शेवटी पुण्यात विदेशी प्राणी बघणारे डॉक्टर सापडले. भर पावसात पसरणी घाट उतरून, वाईवरून पुणे, एकशेवीस किलोमीटर. ढोल्या खोक्यात, ओल्या टॉवेलवर, टॉवेलखाली कोमट पाण्याची बाटली. (लक्षात ठेवा, आजारी कासव पाण्याच्या डब्यातून न्यायचं नाही. हिसक्याने उलटलं तर बुडतं.)

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याला ऊन कधी मिळालं होतं?" आम्ही म्हणालो, खिडकीत ठेवायचो. ते म्हणाले, "काच बंद?"

बंदच. महाबळेश्वर आहे.

तर ही आजची खरी गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. उन्हात यूव्हीबी नावाचे किरण असतात. ते कातडीवर पडले की शरीरात डी-थ्री तयार होतं, आणि डी-थ्री असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. कवच म्हणजे हाडच, बरगड्या आणि मणक्याला जोडलेलं. वाढीच्या वयात किरण नाही मिळाले तर कवच मऊ पडतं, वाकडं होतं, आणि वाकडं झालेलं परत सरळ होत नाही. साधी काच हे किरण जवळपास सगळे अडवते. म्हणजे मे महिन्यात आम्हाला वाटत होतं तो उन्हात बसलाय, तेव्हाही त्याला फक्त उजेड मिळत होता. जूनमध्ये तर तोही गेला.

उपाय : दोन दिवे. एक उबेसाठी, साधा पिवळा किंवा हॅलोजन बल्ब चालतो, कोरड्या जागेच्या वर. दुसरा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा. एलईडी ट्यूब म्हणजे यूव्हीबी नाही, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. रोज दहा-बारा तास. आणि हा दिवा पेटताना दिसत असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण संपतात, मग बदलावा लागतो. दिवा पक्का बांधा, पाण्यात पडला तर कासव आणि तुम्ही, दोघांचाही प्रश्न मिटेल. पाणी गरम ठेवायला मत्स्यालयाचा हीटर आणि एक थर्मामीटर. हे सगळं मिळून कासवाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर पिल्लू विकलं जाणार नाही.

आमच्याकडे आणखी एक अडचण : लाईट जाते. पावसात दोन-दोन दिवस. तेव्हा आम्ही टबाला घोंगडी गुंडाळायचो आणि बाहेरून गरम पाण्याच्या पिशव्या लावायचो. आत उकळतं पाणी ओतायचं नाही, एकदम बदल झाला तर त्रास होतो. आणि त्या काळात खायला द्यायचं नाही, गार अंगात पचत नाही. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं, तेव्हाही हेच सगळं परत.

खाण्याचं. नुसती सुकी कोळंबी म्हणजे पोराला रोज फक्त वेफर्स. डोळे सुजतात त्यामागे बऱ्याचदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आमच्या ढोल्याचं तेच निघालं. चांगल्या प्रतीच्या कासवाच्या गोळ्या मुख्य, पिल्लाला रोज, त्याच्या डोक्याएवढ्या मापात. सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, थोडी कोथिंबीर. पिल्लं किडे-मासळी जास्त खातात, मोठी होतील तसा पाला वाढवायचा. पालक रोज नको, त्याने कॅल्शियम अडतं. अळू अजिबात नको. पोळी, भात, दूध, ब्रेड, नाही म्हणजे नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन म्हणून अख्खा तुकडा मिळतो, तो पाण्यात टाकून ठेवा, कुरतडतं ते. आणि हो, स्ट्रॉबेरी. इथले सगळे विचारतात. कधीतरी नखाएवढा तुकडा, फवारणी नसलेल्या फळाचा. त्याहून जास्त लाड नको.

नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून मग वापरा. जेवण वेगळ्या तसराळ्यात दिलंत तर मुख्य टब कमी घाण होतो. कवचाला तेल लावू नका, रंग तर मुळीच नाही.

आणि हात धुवा, साबणाने, प्रत्येक वेळी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती मुलं आजारी पडत होती म्हणून. टब स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. घरात पाच वर्षांखालचं बाळ असेल तर माझं मत विचाराल तर कासव आणूच नका.

ढोल्याला बरं व्हायला तीन महिने लागले. इंजेक्शनं, दिवा, सक्तीने भरवणं. आतेभाऊ बारावीला होता, सकाळी सहाला उठून टबातलं तापमान बघायचा आणि वहीत लिहायचा. एका पहाटे ढोल्याने स्वतःहून गाजराला तोंड लावलं, त्या दिवशी त्या वहीत फक्त "खाल्लं" एवढंच लिहिलंय. वही अजून आहे आमच्याकडे.

मग तो वाढायला लागला. एवढासा राहतो म्हणाले होते ना? यातली मादी दहा-बारा इंचांपर्यंत जाते, आणि ढोल्या ही मादी निघाली. तीस वर्षं सहज जगते. दोन वर्षांत टब पुरेना, आणि ओळखीच्या एकाने सुचवलं, "सोड की वेण्णा लेकला, मस्त राहील."

मस्त राहील, हाच तर प्रश्न आहे. जगातल्या शंभर सर्वांत वाईट घुसखोर प्रजातींच्या यादीत स्लायडर आहे. ते देशी कासवांची बसायची जागा आणि खाणं बळकावतं, आजार पसरवतं. भारतातल्या बऱ्याच शहरांतल्या तळ्यांत ते पोचलंय, आणि तिथे कुणी आणून टाकलं? दया आली म्हणून आपल्यासारख्यांनीच. सांभाळणं जमत नसेल तर डॉक्टरांना विचारा, प्राणी बचाव संस्थेला विचारा, अनुभवी माणसाला द्या. उशीर लागला तरी चालेल. पाण्यात नाही सोडायचं, देवळाच्या कुंडात तर नाहीच.

आम्ही काय केलं? आतेभावाचं घर वाईला आहे. खाली पाऊस कमी, ऊन भरपूर. गच्चीवर सिमेंटची टाकी बांधली, अर्धी सावलीत, वर जाळी, कारण कावळे आणि मांजरं. मेपासून जूनच्या मध्यापर्यंत दिवा बंदच असतो. गेल्या रविवारी गेलो होतो. ढोल्या विटेवर पाय ताणून बसली होती, मला बघून धपकन पाण्यात. सहा वर्षं झाली, अजून ओळख दाखवत नाही. आतेभावाला मात्र बघून काठाशी येते. तो म्हणतो प्रेम आहे, मी म्हणतो गोळ्यांचा डबा आहे.

फोटो पाठवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी टबाच्या फोटोसोबत थर्मामीटरचाही फोटो पाठवा, आणि दिव्याच्या पाकिटाचा. मग बोलू. लाईट जायच्या आत हा भाग अपलोड करतो.